एकूण बारा

१

टिंबताईंचं खरं नाव कार्यालयात फारसं कुणाला आठवत नसे, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. ज्या बाईने बावीस वर्षं रोज साडेनऊ ते साडेपाच दुसऱ्यांनी टाकलेली टिंबं फोडली, तिला आणखी काय म्हणणार? घरी नवरा चिडवायचा, "आमच्या हिला पत्र लिहायचं तर एक अक्षर पुरतं. बाकीचं ती स्वतःच लावून घेते."

काम तसं सरळ होतं. युद्धाच्या काळातले लष्करी कारकून शब्द कधी पूर्ण लिहीत नसत, नुसतं पहिलं अक्षर आणि पुढे टिंब. वेळ नसे, कागद नसे, बोटं गारठलेली असत. 'ह.' म्हणजे हजर. 'आ.' म्हणजे आजारी. 'बा.का.' म्हणजे बाहेरच्या कामावर, 'बे.' म्हणजे बेपत्ता, 'मु.' म्हणजे सेवेतून मुक्त, आणि 'मृ.' म्हणजे काय ते सांगायला नको. इतक्या वर्षांनी कुणाची नात, कुणाचा पुतण्या अर्ज करायचा, की आमचा माणूस तेव्हा कुठे होता, त्याचं काय झालं. त्यांच्या हातात नुसती टिंबं ठेवून कसं चालेल? म्हणून हा विभाग काढलेला. तिसऱ्या मजल्यावरची लांबुळकी खोली, उत्तरेकडच्या खिडक्या, हिरव्या कापडाची रुंद मेजं, आणि हवा कोरडी ठेवणारं एक यंत्र, दिवसभर एकाच सुरात घुमणारं. दुपारी त्या सुरावर नवखी माणसं पेंगायची. टिंबताई कधी पेंगल्या नव्हत्या.

वाचायची रीत ठरलेली होती. समोर पडताळे भाऊ बसायचे. हेही त्यांचं खरं नाव नव्हे. पडताळणी करतात म्हणून पडताळे. टिंबताई मूळ कागद मोठ्याने वाचणार, भाऊ नकलेवर पेन्सिलीने खुणा करणार. बहुतेक कागद म्हणजे हजेरीच्या चिठ्ठ्या असत. प्रत्येक ठाण्यावरून रोज संध्याकाळी मुख्यालयाला एक चिठ्ठी जायची, अमुक हजर, अमुक आजारी, आणि शेवटी एकूण. रकान्यांची बेरीज एकूणशी जुळली की वाचन बरोबर, पान उलटायचं. भाऊंना या रीतीचा भारी अभिमान. "अक्षर फसवेल टिंबताई, बेरीज नाही फसवणार," हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

विभागाचा आणखी एक नियम होता. उत्तराच्या पत्रात रिकामी जागा सोडायची नाही. एखादं टिंब फुटलंच नाही, तर प्रकरण समितीपुढे जायचं, आणि समिती तीन-चार महिन्यांनी एकदा बसायची. टिंबताईंनी बावीस वर्षांत एकही प्रकरण तिथवर जाऊ दिलं नव्हतं. त्यात हुशारी होती तशी थोडी घमेंडही होती.

२

ती बाई आली ती एका धुकट सकाळी. पासष्टीला टेकलेली, नीटनेटकी, कोटाच्या कॉलरला सवयीने टोचलेल्या दोन टाचण्या. जन्मभर तिने इस्पितळांचे गणवेश शिवले होते. तिने पिशवीतून एक पिवळं पडलेलं पत्रक काढलं, मेजावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी सपाट केलं.

"हे माझ्या बाबांचं सेवापत्रक. यातलं एकच अक्षर मला हवंय."

टिंबताईंनी चष्मा वर सरकवला. वरून खाली ओळीने ह., ह., आ., ह. होतं. मग एका तारखेला 'ठ.' आणि त्याच्या खाली थेट 'मु.'. म्हणजे ठ. झालेला माणूस पुन्हा कधी हजर झालाच नव्हता. तसाच मुक्त होऊन घरी गेला होता. विभागाच्या लघुरूपांच्या तक्त्यात 'ठा.' होतं, ठाण्यासाठी. नुसतं 'ठ.' नव्हतं, हे त्यांना तक्ता न उघडताही माहीत होतं.

"बाबा आहेत?"

"आहेत ना. एक्याण्णव पूर्ण. अगदी खणखणीत."

"मग त्यांनाच का नाही विचारत?"

"विचारलं. हसतात. म्हणतात, हे कारकुनांचं काम, त्यांना विचार." तिने पत्रक पुढे सरकवलं. "मला नकोय ते, ताई. आईला हवंय."

मग तिने सांगितलं. न अडखळता, कपड्याचं माप सांगावं तसं. तिच्या आईबाबांचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा बाबा युद्धावर गेले. युद्ध संपलं आणि परत आले. त्या दिवसापासून आई म्हणत आली, हे ते नव्हेत. तोंड तेच, आवाज तोच, जुन्या सगळ्या गोष्टी तोंडपाठ. पण हे ते नव्हेत.

"लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं म्हणत असतील," ती म्हणाली.

"भांडणं व्हायची का घरात?"

"छे! बाबांनी कधी आवाज चढवला नाही. आई मात्र रोज सकाळी मला त्यांची उशी दाखवायची. म्हणायची, बघ, डोकं टेकल्याची खूण तरी आहे का? मी म्हणायची, अगं आई, कापूस आहे तो, फुगतो परत. नंतर नंतर ती त्या खोलीतच जाईना. भर थंडीत बाहेरच्या पायरीवर बसायला लागली. मग मीच तिला शुश्रूषागृहात ठेवलं. सहा वर्षं झाली. कागदावर सही माझी आहे."

यंत्र घुमत होतं. भाऊ पेन्सिलीला टोक काढायचं सोडून ऐकत होते.

"आता ते शुश्रूषागृह बंद होतंय, या महिनाअखेरीला. दुसरीकडे जागा नाही, आणि आई अठ्ठ्याऐंशीची आहे. घरी चल म्हटलं तर म्हणते, येते, पण त्या अक्षराचा अर्थ मला सरकारी कागदावर आणून दे. साधा काही अर्थ निघाला, तर मी चुकले म्हणेन आणि तोंड मिटून राहीन. नाही निघाला तर मला रस्त्यावर ठेव, पण त्या घरात नको."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

बाईने पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला साधा अर्थ हवाय, ताई. मी युद्धानंतरची आहे ना."

हे शेवटचं टिंबताईंच्या पटकन डोक्यात शिरलं नाही. शिरलं तेव्हा ती बाई जिना उतरून गेली होती. आई खरी ठरली, तर ही मुलगी कुणाची? टिंबताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्यांनी भांडारातून तिच्या बाबांच्या ठाण्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागवला.

३

ठाणं डोंगरावर होतं, टेलिफोनच्या तारा राखायला. बारा माणसं, एक खोली. चाळीस संध्याकाळच्या चाळीस चिठ्ठ्या सुतळीने बांधलेल्या. दुसऱ्या दिवशी टिंबताईंनी वाचायला घेतल्या.

"ह. अकरा, आ. एक. एकूण बारा."

"बारा. बरोबर," भाऊ म्हणाले.

पहिल्या सोळा चिठ्ठ्या अशाच गेल्या. अक्षर कापरं होतं. वर फार थंडी असणार. सतराव्या चिठ्ठीवर ते आलं.

"ह. अकरा, ठ. एक. एकूण बारा."

"बारा. बरोबर."

पुढे साधारण दिवसाआड ह. एकाने कमी व्हायचा आणि ठ. एकाने वाढायचा. मध्येच एका संध्याकाळी, "ह. आठ, बा.का. एक, ठ. तीन." म्हणजे कारकुनाला 'बा.का.' लिहिता येत होतं, आणि ते ठ. पेक्षा वेगळं होतं. टिंबताईंनी तिथे बोट ठेवलं, पण बेरीज जुळत होती, म्हणून पुढे गेल्या. बाहेर धुकं हललं नव्हतं. वाचता वाचता त्यांना आपला आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटायला लागला, फार लांबून, उबदार.

"ह. एक, ठ. अकरा. एकूण बारा."

"बारा."

"ह. शून्य, ठ. बारा. एकूण बारा."

"बारा. बरोबर. पान उलटा."

"भाऊ," टिंबताई म्हणाल्या, "हजर शून्य. मग ही चिठ्ठी लिहिली कुणी?"

"कारकुनाने."

"कारकून त्या बारांतलाच की."

भाऊंनी कान खाजवला. "बाहेरून येऊन लिहिली असेल आणि गेला असेल परत."

टिंबताईंनी चिठ्ठी उजेडात धरली. हात तोच होता; 'क' चं पोट तसंच चपटं. फक्त आता अक्षर कापत नव्हतं. आखीव, शांत, सुंदर अक्षर होतं.

प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर उद्याच्या शिध्याची मागणी असायची. अकरा जणांचा शिधा, दहा जणांचा, नऊ जणांचा. मागणी नेहमी ठ. वगळून केलेली. शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीवर शिध्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती.

"झालं तर मग!" भाऊ खूश झाले. "ठाण्याबाहेर काम करणारी माणसं बाहेरच जेवणार. खालच्या ठाण्यावर जेवत असतील. आहे काय त्यात?"

हे पटण्यासारखं होतं. टिंबताईंना ते हवंही होतं. तरी त्यांनी उठून त्या बाराही जणांची पत्रकं खणांतून काढली. बाराही युद्धातून घरी परतलेले, बाराही ठ. वरून थेट मु., आणि मृत्यूच्या तारखेची जागा बाराही पत्रकांवर कोरी. सगळे नव्वदीच्या पुढे.

"डोंगरातली हवा," भाऊ म्हणाले.

दोघं हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले, कारण पलीकडच्या मेजावरच्यांनी वळून पाहिलं.

त्या दुपारी बावीस वर्षांत पहिल्यांदा टिंबताईंचा डोळा लागला. त्यांना एक बुटकी खोली दिसली, दोन्ही भिंतींना सहा-सहा खाटा, मधे विझलेली शेगडी. खाटांवर पांघरुणं, पांघरुणांखाली माणसं, आणि सगळीकडे अशी शांतता की झोपायला किती छान जागा आहे असं त्यांना वाटलं. दाराबाहेर कुणीतरी हलक्या आवाजात मोजत होतं. बारापर्यंत यायचं, थांबायचं, पुन्हा एकपासून सुरू. मुळीच घाई नव्हती त्या आवाजाला. जाग आली तेव्हा भाऊ समोर बसून नकलेवर खुणा करत होते आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होते. म्हणजे तो आवाज भाऊंचाच, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

४

महिना संपायला तीन दिवस उरले. ती बाई सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती. पिशवी मांडीवर, नजर दाराकडे.

"समितीकडे पाठवू या का?" टिंबताईंनी विचारलं.

"पाठवा. चार महिन्यांनी उत्तर येईल. तोवर म्हातारीला बाकावर बसवायची का?" भाऊ म्हणाले. "ठाण्याबाहेर कामावर. सगळं बसतं त्यात. एकूणमध्ये धरलेत, ठीक. शिधा नाही, ठीक. परत हजर नाहीत, कारण तिथूनच सुटका झाली. ठीक."

"आणि बा.का.? त्याचा अर्थही तोच की."

"एका माणसाने दोन शब्द वापरू नयेत असा कायदा आहे का? तुम्ही नवऱ्याला कधी 'अहो' म्हणता, कधी 'ऐकलं का' म्हणता. माणूस एकच ना?"

टिंबताईंना हसू फुटलं. मनातली कुरकुर मात्र थांबली नाही. दाराच्या फटीतून त्यांना बाकावरच्या बाईचे बूट दिसत होते, स्वच्छ पुसलेले, एकमेकांना चिकटलेले. कुणाच्या जिवाला एका अक्षरासाठी किती टांगून ठेवायचं? आणि टिंबताईंकडून टिंब फुटलं नाही, असं आजवर कधी झालं होतं?

त्यांनी लिहिलं, 'ठ. – ठाण्याबाहेर कामावर.' भाऊंनी सही केली. शिक्का बसला.

बाईने ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं. मग तिने टिंबताईंचा हात धरला आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. "तुमचे उपकार कसे फेडू? आता आईला घरी नेते."

टिंबताईंच्या मनावरचं ओझं उतरलं. दिवसभर त्या गुणगुणत होत्या.

५

आठ-दहा दिवसांनी एक वेगळंच प्रकरण आलं. कुणा नातवाला आजोबांची माहिती हवी होती, आणि ते आजोबा त्याच डोंगराच्या पायथ्याच्या ठाण्यावर होते. त्या खालच्या ठाण्याची रोजनिशी आली. टिंबताई टिंबं फोडत वाचत होत्या, भाऊ खुणा करत होते. एका पानावरची तारीख पाहून टिंबताईंचा आवाज आपोआप मंदावला. वरच्या ठाण्याची शेवटची चिठ्ठी याच्या आदल्याच संध्याकाळची होती.

"सकाळी. वरच्या ठाण्याची माणसं खाली उतरली. बारा. सर्व ठीक. शिधा नको म्हणाली. पुढे रवाना."

"बरोबर."

पुढची नोंद लाल शाईने, पट्टी लावून खोडलेली होती. खोडलेलं वाचायचं नाही असा काही नियम नव्हता. टिंबताईंनी कागद तिरका धरला.

"दुपारी. आमची तुकडी वर पोचली. खाटा बारा. मृ. बारा. थंडीने. काही दिवस झाले असावेत. ठाण्यामागे पुरले."

भाऊंची पेन्सिल थांबली.

समासात मुख्यालयाच्या कुणा कारकुनाने लाल शाईत शेरा मारला होता. टिंबताईंनी तोही वाचला, कारण वाचायला सुरुवात केली की थांबायची त्यांना सवय नव्हती. "एकूण चोवीस होतात. ठाण्याची मंजूर संख्या बारा. नोंद चुकीची. रद्द."

 यंत्राचा सूर तेवढा चालू होता. मग भाऊंनी नकलेच्या कोपऱ्यात लहानशी बेरीज मांडली, बारा आणि बारा, आणि खाली उत्तर न लिहिताच पेन्सिल ठेवली. 

"जुळत नव्हतं म्हणून खोडलं," ते म्हणाले. "आपणही खोडलं असतं."

"भाऊ, ती म्हातारी—"

"टिंबताई, पान उलटा." इतक्या वर्षांत भाऊ त्यांच्याशी असे अजिजीने बोलले नव्हते. "तुमच्या पाया पडतो. उलटा."

टिंबताईंनी पान उलटलं नाही. त्यांनी नकलेच्या यंत्रावर त्या पानाची प्रत काढली, घडी करून पर्समध्ये टाकली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्या बाईला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर फिरवला गेला.

"अय्या, ताई तुम्ही!" पलीकडून आवाज आला. "आई आली हो घरी! केव्हाच आली. अगदी शांत आहे. उद्या सुट्टी ना तुम्हाला? सकाळी चहाला याच. बाबांचे युद्धातले सोबतीही यायचेत, आईला भेटायला."

६

एकसारख्या घरांची रांग होती, आणि धुक्यात ती कुठवर जाते ते दिसत नव्हतं. टिंबताईंना मध्येच वाटलं, आपण अजून मेजावर डोकं टेकून झोपलेल्याच आहोत. पण दार उघडलं, आणि बाईच्या कॉलरवरच्या टाचण्या अगदी खऱ्या होत्या.

बैठकीच्या खोलीत म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. देखणा, ताठ माणूस. केस पांढरे, पण चेहऱ्यावर सुरकुती अशी नव्हतीच.

"या ताई. तुमच्यामुळे घर पूर्ण झालं," ते म्हणाले. आवाज इतका मायाळू होता की टिंबताईंना क्षणभर परत फिरावंसं वाटलं. "तुमच्यासारखं समजून घेणारं माणूस कागदांजवळ असावं लागतं. तेव्हाही मुख्यालयात एक जण होता तसा." मग त्यांनी नम्रपणे मान लववली आणि काचेचं दार सरकवून मागच्या अंगणात गेले.

अंगणात खुर्च्यांचं कोंडाळं होतं. काचेतून टिंबताईंना ते सगळे दिसले, म्हातारे, नीट भांग पाडलेले, कोट घातलेले. प्रत्येकासमोर चहाचा पेला होता, काठोकाठ. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांची तोंडं घराकडे होती.

"नव्वदीच्या पुढचे आहेत, पण तेज बघा काय!" मुलगी कौतुकाने म्हणाली. "बसा हं, मी तुमचा चहा आणते." आणि ती आत गेली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आई बसली होती. अगदी लहानखुरी झालेली. घरात असूनही अंगात जाड कोट, पायाशी बॅग, न उघडलेली. तुमचं पत्र तिने उशाशी ठेवलंय, असं मुलीने दारातच सांगितलं होतं. टिंबताई तिच्यासमोर गुडघ्यावरच बसल्या. शब्द जुळवायला वेळ नव्हता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी जे लिहिलं ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं लिहायची लाज वाटली मला. हे वाचा. आणि आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

म्हातारीने कागद लांब धरला. ओठ हलवत वाचला, मग पुन्हा वाचला. खोडलेल्या ओळीवरून तिचं बोट सावकाश फिरलं.

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"सदुसष्ट वर्षं." तिचे डोळे भरून वाहायला लागले. ती ते पुसत नव्हती. "ठाण्यामागे पुरलंय म्हणता. दगड-बिगड ठेवला असेल का हो कुणी?"

 टिंबताईंनी तिचे हात हातात घेतले. एका बाईला नवरा गेल्याची बातमी आपण आज देतोय, हे त्यांना तेव्हा उमगलं, आणि त्याही रडायला लागल्या.

आतून कपबश्यांचा आवाज आला. मुलगी काहीतरी गुणगुणत होती. म्हातारीने पटकन मान वळवली.

"हे हिने वाचलंय?"

"नाही. कुणीच नाही."

म्हातारी बराच वेळ त्या गुणगुणण्याकडे कान लावून बसली. "आज सकाळी तिने मला विचारलं, आई, माझं नाक कुणासारखं गं? चौसष्ट वर्षांची झाली पोरगी. कधी हिंमत झाली नव्हती तिची हे विचारायची. मी म्हणाले, तुझ्या बाबांसारखं. तर तेव्हापासून आरशात बघतेय."

"पण तुम्ही इथे कशा राहाल? तुम्ही चला, आपण तिला काही कारण सांगू—"

"मी गेले तर का गेले ते तिला कळेल. मूर्ख नाहीये ती." म्हातारीने कागदाच्या घड्या पाडल्या, टिंबताईंची पर्स उघडली, कागद आत ठेवला आणि पर्सची कळ स्वतः दाबली. "तुमचं पत्रच खरं. ते बदलू नका. मी हिला पोटात वाढवलंय. बाकी कुणाची का असेना, माझी तर आहे."

मुलगी तबक घेऊन आली. "आई, बाबा बोलावतायत गं तुला बाहेर. बसतेस का थोडी त्यांच्यात?"

म्हातारी उठली. तिने कोट उतरवून मुलीच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि काचेचं दार स्वतःच सरकवलं. बाहेरचे सगळे एकदम उभे राहिले. खुर्ची सरकल्याचा एवढासाही आवाज झाला नाही. मधोमध, गृहस्थांच्या शेजारी, एक खुर्ची मोकळी ठेवलेली होती. ती तिथे जाऊन बसली. त्यांनी हात पुढे केला. टिंबताईंना तिचे खांदे आक्रसलेले दिसले, मग सैल झालेले दिसले, आणि तिने आपला हात त्यांच्या हातात दिला. बाकीचे पुन्हा बसले आणि खुर्च्या न उचलताच हळूहळू तिच्या जवळ आले. धुकंही तसंच जवळ आलं. मधे तिचं पांढरं डोकं तेवढं दिसत राहिलं.

"बघितलंत?" मुलीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं. "अख्ख्या जन्मात मी या दोघांना हात धरून बसलेलं पाहिलं नव्हतं. मी पण जाते बाहेर, थांबा."

तिने दाराच्या मुठीला हात लावला. त्या घोळक्यातून म्हातारीने मान वर केली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता, पण ती हसली, मुलीकडे बघून, भरभरून. आणि डोकं हलवलं. नको.

"गारठा आहे म्हणून नको म्हणतेय," मुलगी हसत म्हणाली. "अजून मला लहानच समजते."

टिंबताईंनी तिचा दंड घट्ट धरला आणि तिला दारापासून मागे आणलं.

"ऐका आईचं," त्या म्हणाल्या. "आपण इथेच बसू."